बापूसाहेबांचं कपाळ

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं मला कोणी विचारलं तर मला भास्करचं नाव घ्यावं लागेल. भास्कर पुंडलिक चौधरी. भुसावळच्या बाजूचं गाव, घरची केळीची बाग, धंदा पेंटर. गेल्या महिन्यात तो गेला. सकाळी मी धुळ्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो आणि त्याच्या मुलीचा, मनीषाचा फोन आला. "काका, बाबा गेले. बागेत पाणी बघायला गेले होते, तिथेच बांधावर बसले आणि..." मी "निघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं. आता ती गोष्ट माहीत असलेला मी एकटाच उरलो, हे पहिलं मनात आलं. त्यात सुटका होती आणि त्या सुटकेची लाजही होती. दुःख यायला बस पारोळ्याच्या पुढे जावी लागली.

ती गोष्ट सांगायची तर सदतीस वर्षं मागे जावं लागेल. आम्ही दोघं जळगावला चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करत होतो. एकाच खोलीत राहायचो, एकाच स्टोव्हवर खिचडी लावायचो. मी धुळे तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला. वडील, म्हणजे आमचे आबा, जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रुईच्या गाठी बांधायला जायचे. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. ज्या शिक्षणसंस्थेच्या शाळेत मी फी माफ होऊन शिकलो, तिचे संस्थापक बापूसाहेब हे आमच्या घरात देवाच्या खालोखाल होते. शाळेच्या वार्षिक अंकावर दरवर्षी त्यांचं तेच चित्र छापलेलं असायचं. फेटा, बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणं, आणि कपाळाच्या मधोमध बोटाएवढा एक तांबूस काळा डाग. आम्हा मुलांत अशी समजूत होती की तो जन्मखूण आहे, मोठ्या माणसांना असते तशी. एका गुरुजींनी तर वर्गात सांगितलं होतं की विद्येची देवता ज्याच्या कपाळाला बोट लावते त्यालाच अशी खूण उमटते. मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

अंकावरचं ते चित्र ज्या तैलचित्रावरून छापलेलं होतं, ते जळगावला संस्थेच्या मुख्य शाळेच्या सभागृहात होतं. बापूसाहेब हयात असताना पुण्याहून एक चित्रकार बोलावला होता, त्याने समोर बसवून काढलेलं. कोपऱ्यातली त्याची सही काजळीखाली गेलेली, नाव कोणाला सांगता येत नव्हतं. आमचा डिप्लोमा संपला त्या उन्हाळ्यात संस्थेच्या धुळ्याच्या शाळेची नवी इमारत उभी राहत होती. तिथल्या कार्यालयासाठी या चित्राची प्रत हवी होती, आणि त्याच शाळेत चित्रकला शिक्षकाची एक जागाही रिकामी होती. आमच्या सरांनी दोन नावं सुचवली, माझं आणि भास्करचं. संस्थेचे सचिव म्हणाले, "दोघंही प्रत करा. जी चांगली होईल ती धुळ्याला लागेल, आणि ज्याची लागेल तो धुळ्याला लागेल." त्यांना हे वाक्य फार आवडलं, दोनदा म्हणाले. आम्हीही हसलो. खोलीवर परत येताना मात्र आम्ही दोघंही काही बोललो नाही. निदान मी तरी बोललो नाही. भास्कर बहुतेक गुणगुणत होता.

सुट्टीत रिकाम्या सभागृहात आम्ही शेजारी शेजारी दोन इझल लावले. मूळ चित्रावर पेन्सिलीने चौकोन आखायची सोय नव्हती, म्हणून भास्करने एक लाकडी चौकट केली, कडेने खिळे मारून तिच्यावर उभे-आडवे दोरे ताणले आणि ती चित्रासमोर उभी केली. एकाच जाळीतून आम्ही दोघं बघायचो. तिथे मला पहिल्यांदा कळलं की आम्ही बघत मात्र वेगवेगळं होतो. मी प्रत्येक चौकोन मोजून उतरवायचो. चित्रावर चाळीस वर्षांचं पिवळं पडलेलं वार्निश होतं, तर मी पांढऱ्या उपरण्यातही यलो ओकरचा मातकट पिवळा घातला. भास्कर तासभर नुसता बघत बसायचा, विडी ओढून यायचा, पुन्हा बघायचा, आणि मग अर्ध्या तासात एवढं काम करून टाकायचा की मला माझा ब्रश खाली ठेवावासा वाटे. रंग जिथे ब्रशला ऐकत नसे तिथे तो अंगठा लावायचा. मी तसं करून बघितलं तेव्हा माझ्या चित्रात फक्त अंगठा उमटला.

सभागृहाचा शिपाई सुपडूनाना. मूळचा धुळ्याकडचा, त्यामुळे माझ्याशी आमच्या अहिराणीत बोलायचा. बापूसाहेबांच्या जयंतीला, पुण्यतिथीला आणि दसऱ्याला त्या चित्राला हार घालून गंध लावायचं काम त्याचं. चित्राला काच नव्हती, आणि सुपडूनानाचा हात सढळ. पण हे त्या वेळी माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कपाळावरचा तो डाग जन्मखूण समजूनच रंगवत होतो. दोन दिवस त्याच्यावर घालवले. सगळ्यात बारीक ब्रश घेतला, बर्न्ट अंबरच्या गडद तपकिरीत जरासा लाल मिसळला, आणि हात धुऊन बसलो. पूजेला बसल्यासारखा. शेजारून भास्करने एकदा मान वळवून बघितलं आणि पुन्हा आपल्या चित्राकडे वळला.

त्याच आठवड्यात गावाहून निरोप आला की आबांच्या पायावर रुईची गाठ पडली. मी होता तसा ब्रश टर्पेंटाइनमध्ये टाकून निघालो. पायाचं हाड मोडलं होतं. आबा खाटेवर पडून छताकडे बघत होते, मला म्हणाले, "आते माले जिनिंग नही जमाव. तुनं काय व्हयनं?" म्हणजे आता मला जिनिंग जमायचं नाही, तुझं काय झालं? मी म्हणालो, चित्र चालू आहे, जागा मिळेल. हे म्हणताना डोळ्यांसमोर माझं चित्र नव्हतं, भास्करचं होतं. चार दिवस मी गावात होतो. त्या चार दिवसांत मी भास्करबद्दल जे जे मनात आणलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचा हात दुखावा, त्याच्या घरून त्याला बोलावणं यावं, त्याच्या कॅनव्हासवर काहीतरी सांडावं... त्याच्या घरी केळीचे घड लोंबकळत होते, त्याला नोकरी हवी कशाला, असंही मी स्वतःशी भांडलो.

परत आलो तेव्हा दुपार होती. भास्कर खिडकीपाशी ब्रश धूत होता. "बाप कसा हाये?" त्याने विचारलं. मी "बरा आहे" म्हणालो आणि माझ्या इझलसमोर जाऊन उभा राहिलो. माझ्या चित्रातल्या कपाळावरचा डाग गेला होता. नुसता डागच नाही, कपाळच बदललं होतं. मी चपट्या रंगाने भरलेल्या जागेत आता एका माणसाचं कवटी असलेलं, गोल, उजेड झेलणारं कपाळ होतं. कानशिलाकडे वळताना एक निळसर राखाडी छटा होती, ती मूळ चित्रातही वार्निशच्या खाली कुठेतरी असणार, पण मला ती कधी दिसली नव्हती. मी बोट लावलं, रंग ओला होता. फेट्याच्या कडेला अर्धा अंगठा उमटलेला होता. मी वळून भास्करकडे बघितलं. तो ब्रश धूतच होता. विचारायला हवं होतं. मी फेट्याच्या कडेवरचा तो अंगठा माझ्या ब्रशने हळूच पुसून घेतला आणि कामाला लागलो.

मग मी त्याच्या चित्राकडे बघितलं. त्याच्या बापूसाहेबांच्या कपाळावर तो डाग होता. आणि आता मला कळलं की तो डाग काय आहे, कारण भास्करने तो असा रंगवला होता की न कळणं शक्यच नव्हतं. कपाळाच्या गोलाईवरून तो जात नव्हता, कॅनव्हासवरून सरळ खाली ओघळत होता. गंध होतं ते. थरावर थर, वर्षांवर वर्षं, सुपडूनानाच्या अनामिकेचं.

आठ दिवसांनी प्रती बघायला सचिव आले, आणि त्यांच्याबरोबर बापूसाहेबांच्या कन्या, ज्यांना सगळी संस्था आक्का म्हणायची. तेव्हा त्यांचं वय पंचाहत्तरच्या घरात. चष्मा वर करून त्या आधी भास्करच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. "हे काय लावलंय अण्णांच्या कपाळाला?" त्या वडिलांना अण्णा म्हणत. सचिवांनी भास्करकडे बघितलं. "चौधरी, तुम्ही डागसुद्धा उतरवलात?"

"जे व्हतं ते उतरवलं, साहेब."

मागून सुपडूनाना म्हणाला, "गंध शे ते आक्का. मीच लावस." सगळे हसले. आक्काही हसल्या, म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं तू माझ्या वडिलांचं कपाळ झाकून ठेवलंस होय रे." मग त्या माझ्या चित्रासमोर आल्या आणि हसायच्या थांबल्या. नंतर भास्करच्या चित्राकडे नुसतं बोट करून म्हणाल्या, "तो फोटो आहे. हे अण्णा आहेत." आणि पदर डोळ्यांना लावला. तिथे निकाल लागला. जाताना सुपडूनाना माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "माले तर त्याना बापूसाहेबच खरा दिखस." त्याला भास्करचीच प्रत खरी वाटत होती. माझा आनंद तिथेच कडू झाला, तो आजतागायत.

भास्करने माझ्या पाठीवर थाप मारली. "चल भो मास्तर, चहा पाज." टपरीवर चहा पिताना मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा बशी उचलली.

मी धुळ्याला लागलो. आबांचा पाय बरा झाला तरी त्यांना पुन्हा गाठी उचलाव्या लागल्या नाहीत. नोकरीत राहून मी बाहेरून बी.ए. केलं, बहिणींची लग्नं झाली, भावाला शिकवलं. आमच्या भाऊबंदांत आज जी चार मुलं नोकरीला आहेत ती मला बघून शिकली, असं सगळे म्हणतात. हे सगळं त्या कपाळावर उभं आहे. शाळेच्या कार्यालयात मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे ते चित्र लागलं, खाली पितळी पाटी, तिच्यावर माझं नाव. नव्या इमारतीत पहिल्यांदा आबा आले तेव्हा चपला बाहेर काढून त्या चित्रासमोर हात जोडून उभे राहिले. "तूच काढा का हाऊ फोटो?" मी हो म्हणालो. त्यांनी खूप वेळ बघितलं. चित्रातलं त्यांना काही कळत नव्हतं, आयुष्यात त्यांनी कॅलेंडरखेरीज चित्र बघितलं नव्हतं. पण म्हणाले काय, तर "कपायवर उजेड शे रे." कोट बघितला नाही, फेटा बघितला नाही, उपरण्याची एक एक घडी मी मोजून केली होती ती बघितली नाही. कपाळच बघितलं. आबा गेले त्याला आता बारा वर्षं झाली. ते तो उजेड माझा समजूनच गेले.

आणि हे आबांपुरतं नव्हतं. जो येई तो हेच बोले. तपासणीला आलेले अधिकारी, पालक, बदलून आलेले मुख्याध्यापक. सर, कपाळ काय जिवंत आहे. सर, कपाळावरून नजर हलत नाही. मी "हं" म्हणायचो. तीस-पस्तीस वर्षं रोज त्या खोलीत हजेरीपटावर सही करायला मी जात होतो आणि रोज भास्कर तिथे भिंतीवर असायचा, माझ्या नावाच्या पाटीवर. उपकार करणाऱ्याचा माणसाला हेवा वाटू शकतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी माझ्याशी हिशेब असा लावला होता की भास्करने माझ्यासाठी त्याग केला. माझं घर त्याला माहीत होतं, आबांचा पाय माहीत होता, त्याने माझं कपाळ सुधारलं आणि स्वतःच्या चित्रात मुद्दाम डाग ठेवला. मित्राने एवढं केलं तर पाय धरावेत. मला मात्र राग यायचा. ज्याच्याकडे इतकं आहे की तो सहज हरू शकतो, त्याचा राग. मला जिंकायलाही त्याचाच हात लागला होता.

भास्कर गावी परतला. बाग सांभाळून तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, ट्रकच्या मागे कमळं आणि मोर काढायचा, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायला आजूबाजूच्या गावांतून त्याला बोलावणी यायची. पुढे फ्लेक्स आले, पाट्या संपल्या, तरी त्याला कधी कुरकुरताना ऐकलं नाही. घराच्या गच्चीवरून दीपनगरच्या वीजकेंद्राची धुराडी दिसायची. वाऱ्याची दिशा फिरली की केळीच्या पानांवर राख बसायची, आणि ती बोटाने पुसून तो पानावर चेहरे काढायचा. मनीषा लहान असताना मी एकदा गेलो होतो तेव्हा सबंध ओळीत पानापानावर चेहरे होते. एक सुपडूनाना होता. एक मी होतो, नाक जरा जास्तच लांब. "पाऊस आला की धुऊन जाशील," तो म्हणाला. मी घरी आल्यावर बायकोला सांगितलं की भास्कर अजून पोरकटच आहे. ती म्हणाली, "मग एवढ्या उत्साहाने सांगताय कशाला?"

एक गोष्ट मात्र मला सांगितलीच पाहिजे. सात-आठ वर्षांपूर्वी तो काही कामाने धुळ्यात आला आणि मला भेटायला शाळेत आला. माझा नववीचा तास चालू होता. मुलांना मी चेहऱ्याची प्रमाणं शिकवत होतो, डोळा किती भाग, नाक किती भाग. तो मागच्या बाकावर जाऊन बसला. मुलांनी ओळख विचारली, मी म्हणालो, माझे मित्र, चित्रकार आहेत. मग मुलं कुठली ऐकतात. "सर, त्यांना काढायला सांगा ना." भास्करने माझ्याकडे बघितलं, मी खडू पुढे केला. त्याने फळ्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीला काढलं. दहा मिनिटं लागली असतील. प्रमाणं नाहीत, मापं नाहीत, मधून मधून तळहाताने खडू पसरवत. वर्ग इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, त्याही बघत राहिल्या, म्हणाल्या, "राहू द्या, मी फळा वापरत नाही आज." भास्करला बसस्टँडवर सोडून मी परत आलो. मधली सुट्टी झाली होती, वर्ग रिकामा होता. मी डस्टर घेतला आणि तो फळा पुसला. ओल्या फडक्याने पुन्हा पुसला. मुलांनी विचारल्यावर मी शिपायाचं नाव सांगितलं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. निरोप समारंभ शाळेच्या मैदानात मांडव घालून केला. भास्कर आला होता, दुसऱ्या रांगेत बसला होता, डोक्याला टोपी, मांडीवर केळीचा घड गोणपाटात गुंडाळलेला. मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं की सर जात आहेत, पण त्यांनी काढलेलं बापूसाहेबांचं चित्र ही त्यांची या शाळेला कायमची देणगी आहे, आणि त्यातल्या कपाळाबद्दल तर मी काय बोलावं... टाळ्या झाल्या. मी भास्करकडे बघितलं. तोही टाळ्या वाजवत होता. मनापासून वाजवत होता, हेच मला सहन झालं नाही.

जेवणं झाल्यावर आम्ही मांडवाच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभे होतो. छत्तीस वर्षांनी मी विचारलं. "भास्कर, तू ते का केलं?"

"काय?"

"माझं कपाळ."

त्याला आठवायला दोन क्षण लागले. माझं सगळं आयुष्य ज्याच्यावर उभं, ते त्याला आठवावं लागलं. मग हसला. "ते व्हय. अरे, तुह्यं कपाळ गोलच होईना भो. पापडासारखं सपाट पडलं व्हतं. चार दिवस शेजारी बसून मले बघवेना. तू असता तर तुले सांगितलं असतं, तू गावाला. मग केलं."

"आणि तुझ्या चित्रात गंध मुद्दाम ठेवलं ना? मला जागा मिळावी म्हणून?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "जागेचा काय संबंध? मले ते गंध आवडलं व्हतं. त्या पुण्याच्या पेंटरने माणूस काढला, सुपडूनानाने त्याचा देव केला. इतक्या वर्षांचं काम ते, दोघांचं. मी पुसलं असतं तर अर्धंच चित्र झालं असतं." मग म्हणाला, "तू इतकी वर्षं हे धरून बसला व्हता? येडा का रे."

म्हणजे त्याग नव्हता. दयाही नव्हती. छत्तीस वर्षं मी ज्याच्याशी मनातल्या मनात झुंजत होतो तो त्या स्पर्धेत उतरलाच नव्हता. तो फक्त चित्र बघत होता. मी मात्र जागा बघत होतो, त्याला बघत होतो, आणि म्हणूनच मला कपाळावरची ती राखाडी छटा दिसली नाही. हे मला त्या टाकीपाशी कळलं, आणि कळून हेवा कमी व्हायचा तर तो दुपटीने वाढला. त्याने उपकार केले असते तर मी कधीतरी फेडले असते. आता फेडणार काय?

दोन महिन्यांनी मी त्याला पत्र लिहिलं. फोनवर मला ते बोलता आलं नसतं. उत्तर आलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एकदा बागेतली केळी आली, चिठ्ठी नाही. मी मनात म्हणालो, ठीक आहे, उत्तर द्यायचीसुद्धा याला गरज वाटत नाही. आणि त्याचाही मला हेवा वाटला.

दहाव्याला मी पुन्हा त्याच्या गावी गेलो. मनीषाने मला आत नेलं. त्याची प्रत त्यांच्या बैठकीत आहे, संस्थेने ती त्याला परत देऊन टाकली होती. रंगवलेल्या गंधाच्या बरोब्बर वर खऱ्या गंधाचा थर चढला आहे. भास्करची आई जिवंत होती तोवर रोज लावायची, तिच्यामागे त्याची बायको लावते. कोण बापूसाहेब, काय केलं त्यांनी, दोघींनाही फारसं माहीत नाही. मनीषाने कपाटातून माझं पत्र काढून दिलं. घड्यांवर फाटायला आलं होतं. म्हणाली, "काका, बाबांनी दोन-तीनदा वाचलं होतं. मी म्हटलं उत्तर लिहा. म्हणाले, एवढं चांगलं मले कुठून लिहिता येणार. म्हणाले, परकाश लिहितो बरा. आधी कळलं असतं तर त्याले चित्रकलेऐवजी मराठीचा मास्तर करायले सांगितलं असतं." एवढं बोलून ती रडता रडता हसली. मीही हसलो. इतक्या वर्षांत भास्करने माझ्या हातच्या एखाद्या गोष्टीला चांगलं म्हटलेलं माझ्या कानावर आलं ते हेच, आणि तेही तो गेल्यावर.

कार्यालयातल्या पाटीबद्दल मी मुख्याध्यापकांना भेटलो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, सर, संस्थेची पाटी आहे, बदलायची तर ठराव करावा लागेल. तो होईल तेव्हा होईल. हे लिहायला ठराव लागत नाही, म्हणून लिहिलं. आणि ते पत्र भास्करला बरं वाटलं होतं म्हणून खाली देतो. त्यातला एक शब्दही बदललेला नाही.

प्रिय भास्कर,

सप्रेम नमस्कार.

निरोपाच्या दिवशी तू जे सांगितलंस त्यावर मी तेव्हा काही बोललो नाही, म्हणून लिहितो. मी तुझे आभार मानायला हवेत, पण आधी दुसरं सांगतो. तू शाळेत येऊन फळ्यावर मुलीचं चित्र काढलंस, ते शिपायाने पुसलं असं मी तुला फोनवर म्हणालो होतो. ते मी पुसलं. ती मुलगी आता मुंबईला चित्रकला शिकते. ती मला भेटायला आली की त्याच चित्राबद्दल बोलते.

माझ्या आबांना आपल्या चित्रातला उजेड दिसला होता. तो माझा आहे असं मी त्यांना समजू दिलं. ते मला आता परत करता येणार नाही, आणि खरं म्हणजे करायचंही नाही. तेवढं माझ्याकडे राहू दे. बाकी सगळं तुझं आहे हे मी लेखी देतो. पाटीवर तुझं नाव घालायला मी सांगणार आहे. वडिलांचं नाव मधे घालायचं का, ते कळव.

तू म्हणालास येडा का रे. असेन. पण तू स्पर्धेत नव्हतास हे मला आधी सांगायला हवं होतंस. निदान मी रात्री झोपलो असतो.

आता एकच विचारतो. चित्रात बापूसाहेबांचा डावा हात काठीच्या मुठीवर आहे. तो मी चारदा खरवडून पाचव्यांदा केला होता, गावाला जायच्या आदल्या दिवशी. तू कपाळ केलंस, पण त्या हाताला तू हात लावला नाहीस. परवा मी मुद्दाम शाळेत जाऊन, खुर्चीवर चढून, जवळून बघितलं. तो सगळा माझाच आहे. तो बरा जमला होता म्हणून तू सोडलास, की मी लवकर परत आलो म्हणून राहिला, तेवढं मला कळव.

तुझा,
प्रकाश